फोडणीच्या भाताला मसालेभात म्हणू नका

प्रति,
नव्या पॅलेटमधले रंग ठरवणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या सीझनला झाकणावर हत्ती आणि रंगांवर कोयऱ्या उठवलेलं बारा रंगांचं आयशॅडो पॅलेट, म्हणजे पापणीला लावायच्या रंगांची डबी, कुणी काढलं, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ज्यांनी ते घेतलं त्यांनाही.

मी सांगलीत लग्नाचे मेकअप करते, गेली चौदा वर्षं. सांगली, मिरज, जयसिंगपूर, अधूनमधून इचलकरंजी. सीझनला चाळीसेक नवरीमुली, करवल्या आणि वरमाया वेगळ्या. घरी वरच्या खोलीत पाच-सहा मुलींना शिकवतेही. म्हणजे पॅलेट ही माझ्या हौसेची वस्तू नाही, सुताराला पटाशी तसं ते मला. तुमचं आधीचं बारा रंगांचं पॅलेट मी २०२१ च्या दिवाळीत घेतलं, १,८५० रुपयांना. ते इतकं वापरलं की दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या खणात मधोमध पत्र्याचा चकचकीत गोल दिसायला लागला. मेकअपवालीच्या खणाला तळ लागला की समजायचं, रंग बनवणाऱ्याने काम चोख केलं आहे.

त्या खणात काय होतं ते आधी सांगते, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. मॅट, म्हणजे बिनचमकीचा तपकिरी, पण लालाकडे किंवा भगव्याकडे न झुकता राखेकडे झुकणारा. चुलीतल्या अर्धवट जळालेल्या शेणीचा असतो तसा. (एका नवरीला मी हे वर्णन करून सांगितलं तर तिने तो लावूनच घेतला नाही. तेव्हापासून गिऱ्हाइकांपुढे मी त्याला कोको म्हणते.)

आमच्याकडे हळद आदल्या दिवशी लागते, आणि हे हळदीच्या बाजारपेठेचं गाव आहे, इथे हळद नुसतं बोट टेकवून लावत नाहीत. दुसऱ्या दिवशी सव्वासातचा मुहूर्त असला तर साडेचारला मी कार्यालयात नवरीसमोर उभी असते. तोवर तिने तीनदा तोंड धुतलेलं असतं. तरी केसांच्या रेषेला, कानामागे आणि पापणीच्या कडेला पिवळा राहतोच. गाल बेसने झाकता येतात. पापणी येत नाही, तिथे जाड थर दिला की मुंडावळ्या बांधेपर्यंत घडी पडते. आता त्या पिवळ्यावर लालसर तपकिरी लावून बघा. विटकरी दिसतो. वर सोनेरी शिमर, म्हणजे चमकीचा रंग, घातला की तांब्याचं भांडं. फोटोत वाटतं नवरी रात्रभर रडली, आणि काही वेळा ती खरंच रडलेली असते, मग तर विचारूच नका. तुमचा तो राखट तपकिरी अशा वेळी पिवळ्याला दाबायचा. आधी तो पापणीच्या खोलगट भागात फिरवायचा, कडा मोकळ्या ब्रशने विरवायच्या, मग वर काय हवं ते. एकही पैठणी त्याच्याशी भांडली नाही.

पॅलेट लिमिटेड एडिशन होतं, त्यामुळे बाजारातून गेलं ते गेलंच. सुटा खण तुम्ही कधी विकला नाही. मी काडीने कोपरे खरवडत राहिले.

मग यंदा तुमची जाहिरात आली. हे बारा रंग आजवर कुणी पाहिलेलेच नाहीत आणि ते खास भारतीय स्त्रीसाठी घडवले आहेत, असा तिचा एकूण सूर. मी पहिल्याच दिवशी मागवलं. २,४०० रुपये. क्लासच्या मुलींना सांगितलं की या कंपनीचं आधीचं पॅलेट मी तळापर्यंत वापरलंय, डोळे झाकून घ्या. चौघींनी घेतलं.

पार्सल उघडलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. वरच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे, तिथलाच उजेड मी रंग बघायला धरते. पहिल्यांदा मन हरखलं हे कबूल करते. प्रत्येक खणात कोयरी, कोयरीच्या पोटात ठिपके, सगळं सुबक. पण बोट फिरवलं तशी कोयरी पुसली गेली आणि खालून ओळखीचा माणूस वर आला.

मी जुनी डबी काढली. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, प्राइमर (रंगाखाली आधी लावायचा थर) न लावता, मनगटापासून कोपरापर्यंत दोन ओळी ओढल्या. वर जुना, खाली नवा. नुसत्या माझ्या डोळ्यांवर मी विश्वास ठेवला नाही, कारण रागात सगळंच सारखं दिसतं. खाली जाऊन जाऊबाईंना हात दाखवला. त्या साड्यांना फॉल-पिको करतात. साडी हातात आली की दोऱ्याच्या शंभर-सव्वाशे रिळांतून तिला जुळणारं नेमकं रीळ काढायचं, हे त्यांचं रोजचं काम. चिंतामणी आणि मोरपंखी यांच्यातला फरक त्या लाइट न लावता सांगतात. कुठली ओळ जुनी, कुठली नवी, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी चष्मा वर केला, माझा हात दाराकडे वळवला आणि बोटाने जोड्या लावत गेल्या. नऊ जोड्या लागल्या.

“एकाच रिळाचा दोरा आहे,” म्हणाल्या आणि मशिनवर परत बसल्या.

आता तुमचीही बाजू मांडते. तपकिरी रंगांत फार काही वेगळं करता येत नाही, हे मला कळतं. डबीच्या मागे बारीक अक्षरात ७७४९१, ७७४९२, ७७४९९ असे आकडे असतात, ते लोहाच्या ऑक्साइडचे. पहिला लाल, दुसरा पिवळा, तिसरा काळा. जगातल्या बहुतेक कंपन्यांचे तपकिरी या तिघांच्याच कमीजास्त मिश्रणातून निघतात. कुणी थोडा लाल वाढवतो, कुणी काळा. शिवाय घटकांची यादी अख्ख्या पॅलेटची मिळून एकच छापलेली असते, कुठल्या खणात काय आणि किती हे त्यातून कळत नाही. त्यामुळे दोन्ही डब्यांची यादी सारखी निघाली म्हणून मी बोट दाखवत नाही. तेवढ्यावर दाखवलं तर अर्धा बाजार चोर ठरेल.

पण तुमच्या पहिल्या ओळीतला तो सोनेरी आहे ना? अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवला की चमक येते, आणि थर किती जाड यावर झाक कुठली ते ठरतं. तुमच्या जुन्या सोनेरीची एक खोड होती. समोरून सोनं, आणि हात तिरका केला की कडेला हिरवट झाक, पाण्यावर तेल पसरल्यासारखी. मला ती खोड आवडायची, श्रीखंडी रंगाच्या साडीला ती फार शोभायची. नव्या सोनेरीलाही तीच खोड आहे. तेवढ्याच तिरक्या हाताला, तेवढीच. जुळ्या बहिणींच्या हनुवटीवर एकाच जागी तीळ असावा तसं.

नावं मात्र सगळी बदललीत. मागच्या वेळी बारा खणांना कॉफीच्या प्रकारांची नावं होती, या वेळी मिठाईची. जो दुधाळ बेज तेव्हा कॉफीत होता तो आता पेढा झाला. ज्याने कुणी बसून ही नवीन नावं शोधली, त्याला एखादा नवीन रंग शोधायला तेवढाच वेळ लागला असता, असं उगाच वाटून गेलं.

वजनाकडे मी सहसा बघत नाही. या वेळी बघितलं. वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांमुळे निव्वळ वजन, कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष तुम्हाला छापावंच लागतं, मग ते मुंगीच्या अक्षरात का असेना. जुन्यात बारा खण प्रत्येकी १.३ ग्रॅम, म्हणजे १५.६ ग्रॅम. नव्यात प्रत्येकी १.१, म्हणजे १३.२. खणाचा घेर तेवढाच आहे, खोली कमी केलीत. म्हणजे जो रंग मी ग्रॅमला साधारण ११९ रुपयांनी घेत होते, तोच आता १८२ रुपयांनी घेतेय. मालाचे भाव वाढले असतील, मान्य. आमच्या फुलवाल्याचेही वाढले. पण त्याने शेवंतीचं नाव बदलून भाव वाढवला नाही.

आणि हे सगळं गिळलं असतं हो. खरं सांगते, गिळलं असतं. मी पॅलेट मागवलं तेव्हा मनात एकच होतं, तो राखट तपकिरी परत मिळेल. बारापैकी नऊ तुम्ही जसेच्या तसे ठेवलेत. जे तीन काढलेत, त्यात नेमका तो आहे. त्याच्या जागी एक तांबूस शिमर टाकलाय, ज्याच्यासारखे दोन आधीच डबीत बसलेले आहेत.

दोन डब्या शेजारी ठेवून तुमच्यापैकी कुणी कधी बसलं होतं का? कुठल्या खणाला आधी तळ लागतो, हे कुणा मेकअपवालीला फोन करून विचारलं होतं का? एकीला जरी विचारलं असतं तरी कळलं असतं.

जुनं परत काढणं हा गुन्हा आहे असं मी म्हणतच नाही. उलट चांगली गोष्ट आहे. पुस्तकं परत छापतातच की. पण आपल्याकडचं साधं पुस्तक उघडा, आतल्या पानावर पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी तमुक साली, पुनर्मुद्रण अमुक, असं स्वच्छ लिहिलेलं असतं. मुखपृष्ठ बदललं तरी ते पान खरं बोलतं. ज्याच्याकडे पहिली आवृत्ती आहे तो दुसरी घेत नाही, किंवा जीर्ण झाली म्हणून मुद्दाम घेतो. निर्णय त्याचा.

तुमच्या धंद्यातही हे करणारे आहेत. दुबईच्या हुडा ब्यूटीने आपलं रोज गोल्ड पॅलेट २०१८ मध्ये परत काढलं तेव्हा नावातच ‘रीमास्टर्ड’ हा शब्द घातला. जुनंच आहे, दुरुस्त केलंय, घ्यायचं तर घ्या. अर्बन डिके या अमेरिकी कंपनीचं ‘नेकेड’ २०१० सालचं, बारा रंगांचं, बहुतेक तपकिरी आणि सोनेरी. त्याने तपकिरी पॅलेटची एवढी लाट आणली की पुढची कित्येक वर्षं जो तो तेच काढत होता. २०१८ मध्ये ते बंद करताना कंपनीने चक्क त्याच्या अंत्ययात्रेचा घाट घालून जाहिरात केली. नाटकीपणा होता, मान्य, पण आज काय संपतंय हे गिऱ्हाइकाला कळलं. तुमच्याकडे लिमिटेड एडिशन म्हणजे रस्त्यावरच्या त्या कपड्यांच्या दुकानाची पाटी झालीय, ‘दुकान बंद होत आहे, शेवटचे तीन दिवस’. ती पाटी मी शाळेत जाताना वाचायची, आता माझी मुलगी वाचते.

फोडणीचा भात मला आवडतो. सकाळी त्यावर कच्चा कांदा आणि लिंबू असलं तर जेवणापेक्षा जास्त आवडतो. पण तो कुणी लग्नाच्या पंगतीत मसालेभात म्हणून वाढला आणि वर वाटीभर तुपाचे वेगळे पैसे लावले, तर पान सारून उठावंसं वाटणारच.

मी तुमच्या ग्राहक सेवेला हाताचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, की हे सुधारित फॉर्म्युलेशन आहे आणि माझ्या प्रेमाबद्दल धन्यवाद. काय सुधारलं हे विचारलं, तर तेच उत्तर परत आलं, शेवटी एक हृदय जास्त होतं. त्या मुलीला दोष देत नाही, तिला जे चिकटवायला दिलंय ते ती चिकटवणार.

मला जास्त लागलं ते दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये. चौघींपैकी एकीने भिशीचे पैसे लागले तेव्हा हे घेतलं होतं. तिच्याकडे तुमचं जुनंही होतं, माझंच बघून दोन वर्षांपूर्वी कुणाकडून तरी अर्धं वापरलेलं घेतलेलं. तिने दोन्ही उघडून टेबलावर ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. शिकवणाऱ्या बाईला विद्यार्थिनीने काही न बोलणं म्हणजे काय, ते तुम्हाला मीटिंगच्या खोलीत कळायचं नाही. तुमच्या जाहिरातीवर तिने पैसे टाकले नव्हते. माझ्या शब्दावर टाकले होते. मी तिला माझी न उघडलेली लायनरची जोडी दिली आणि विषय बदलला.

‘भारतीय स्त्रीसाठी’ याबद्दलही दोन शब्द. कोयरी आणि हत्ती घातल्याने रंग इथले होत नाहीत. माझ्यासमोर बसणाऱ्या मुली बहुतेक सावळ्या किंवा गव्हाळ, उन्हात रापलेल्या. तुमचा पेढा-बेज त्यांच्या पापणीवर रांगोळी सांडल्यासारखा उठून बसतो. त्यांच्या अंगावर असतं काय, तर हिरवा चुडा, लाल किंवा पिवळं सोवळं, नंतर रिसेप्शनला अंजिरी, डाळिंबी, वांगी, गुलबक्षी, चिंतामणी. रंगांची एवढी नावं आपल्याकडे आधीच पडून आहेत आणि प्रत्येकामागे एक खरा रंग आहे. आमसुली घ्या. वाळलेल्या आमसुलाचा तो काळपट जांभळा मॅटमध्ये कुणी नीट दिला, तर सावळ्या डोळ्याला काजळाचीसुद्धा गरज पडणार नाही. मी तो आज तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या खणांतून मिसळून करते, आणि दर वेळी थोडा वेगळा होतो. शेवाळी घ्या. राखाडी नाही, राखट घ्या. मोतिया घ्या, पण चुनखडीसारखा पांढरा नको.

तुमच्या नव्या तीन रंगांतल्या तिसऱ्याबद्दल बोलल्याशिवाय पत्र पुरं करणं अन्यायाचं होईल. शेवटच्या ओळीतला शेवटचा, गडद हिरवा. हे कुणी केलं? पहिल्या ब्रशला तो जवळपास काळा वाटतो. विरवत नेला की आतून हिरवा उमलतो, चुड्याचा नव्हे, त्याच्या एक पायरी खाली, ओल्या तुळशीच्या पानाच्या मागच्या बाजूचा. गालावर एक कण गळत नाही. मी तो गेल्या आठवड्यात मिरजेच्या एका नवरीच्या पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात जेमतेम लावला, नुसता टेकवला. अंतरपाटाच्या वेळी तिने मान खाली घातली होती, आणि अंतरपाट खाली आला तशी तिने डोळे वर केले. तेवढ्यात तो एकदा दिसला. फोटोग्राफरने नंतर मला विचारलं, ताई, डोळ्याला काय लावलं होतं?

म्हणजे तुमच्यात एक तरी माणूस असा आहे ज्याला रंग दिसतो. त्याला किंवा तिला बारापैकी एकच खण का दिलात?

मला पैसे परत नकोत. पॅलेट वापरलंय, परत करणं बरोबरही नाही. डबीच्या मागे जिथे निव्वळ वजन छापता, त्याच्याशेजारी एक ओळ छापा, की यातले नऊ रंग आमच्या २०२१ च्या पॅलेटमधले आहेत. कुठलाही नियम तुम्हाला ती छापायला लावत नाही, म्हणूनच छापा. मी स्वतः क्लासमध्ये सांगेन, जुनं ज्यांच्याकडे नाही त्यांनी घ्या, माल चांगला आहे. चांगला आहेच, रडगाणं मालाचं नाही. आणि एक हिशेब करून बघा. तळ लागलेले खण आमच्याकडून मागवा. गावोगावच्या मेकअपवाल्या तुम्हाला रिकाम्या डब्यांचे फोटो पाठवतील, फुकट. कुठला रंग परत काढायचा आणि कुठला नाही, यासाठी त्याहून चांगला कागद तुम्हाला कोण देणार?

कळावे.

आपली,
सांगलीची एक मेकअपवाली

ता. क. तो हिरवा सुटा मिळेल का? माझ्याकडे तुळशीच्या लग्नानंतरच्या अकरा तारखा लागल्यात आणि १.१ ग्रॅम तेवढ्यात संपेल. नाव काहीही ठेवा.